दहीहंडीच्या व्हिडिओला तीन रात्री

पालकांचे प्रश्न, आमच्या ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी म्हटलं होतं की डिझाइन, अॅनिमेशन, एडिटिंग, गेम असल्या लायनीत जायचं म्हणणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी प्रश्न पाठवा. इतके आले की सगळे इथे मावणार नाहीत. बरेचसे ठाणे आणि नवी मुंबईतलेच आहेत. मी स्वतः एकवीस वर्षं एडिटिंग आणि मोशन ग्राफिक्स (पडद्यावरची हलती अक्षरं-चित्रं) करते, राहते ठाण्यात, कामाला अंधेरी-गोरेगाव, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय त्यावरूनच सांगते.

ताई, मुलगा नववीत आहे. दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ एडिट करत बसतो. यंदा आमच्या गल्लीतल्या दहीहंडीच्या व्हिडिओसाठी तीन रात्री जागला, शेवटी त्याचे बाबा भडकले आणि फोन काढून घेतला. तो म्हणतो मला एडिटरच व्हायचंय, बाबा म्हणतात गपचूप डिप्लोमा कर. ही खरंच आवड आहे की टाइमपास, कसं ओळखायचं? (एक आई, कळवा)

तुमचं पत्र वाचल्यावर मी तुम्हाला उलट मेसेज केला होता, की तीन रात्री तो नेमकं काय करत होता तेवढं विचारा ना त्याला. तुम्ही विचारलंत आणि त्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून पाठवलंत याबद्दल खरंच थँक्यू. वरच्या थरावरचा पोरगा हंडी फोडतो तो क्षण आणि ताशाचा ठोका जुळत नव्हता, दोन रात्री तो नुसता तेवढंच पुढेमागे सरकवत होता, आणि तिसऱ्या रात्री त्याला सुचलं की हंडी फुटायच्या अर्धा सेकंद आधी सगळा आवाज बंद करायचा आणि मग एकदम मटकं फुटल्याचा आवाज.

वहिनी, हा टाइमपास नाही. चौदा वर्षांच्या पोराला कोणी न शिकवता कळलं की मोठ्या आवाजाच्या आधी शांतता लागते, आमच्याकडे नवीन आलेल्या असिस्टंटला हे सांगायला कधीकधी सहा महिने जातात. तुम्ही हे त्याच्या बाबांना सांगा, पण नुसतं सांगू नका, व्हिडिओ टीव्हीवर लावून दोघांनी शेजारी बसून बघा आणि बाबांनीच त्याला विचारू दे की इथे आवाज का बंद केलास. मुलगा कसा बोलतो ते बघा. ज्याला खरी आवड आहे तो थांबत नाही, कुठला शॉट टाकून दिला, का टाकला, काय जमलं नाही, सगळं सांगतो. मला विचाराल तर आवड ओळखायची माझी खूण तीच आहे, की मुलाने काय काढून टाकलं ते त्याला आठवतं का आणि हातात घेतलेलं तो पुरं करतो का. अर्धवट टाकलेले वीस व्हिडिओ असतील तर अजून वाट बघा, पुरा केलेला एक असेल तर त्याच्याशी बोलायला लागा.

आता पुढे काय करायचं. त्याला एक काम द्या, घरात आजी असेल तर आजी भाकरी थापते त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ, गाणं लावायचं नाही, फिल्टर नाही, फक्त जे खरे आवाज आहेत ते, परातीवर थापल्याचा, तव्यावर टाकल्याचा, बांगड्यांचा. गाणं लावलं की कुठलाही व्हिडिओ बरा वाटतो, गाणं काढलं की एडिटिंग उघडं पडतं. हे झालं की दुसरं काम बाहेरच्या माणसाचं असू दे, सोसायटीच्या गणपतीचा व्हिडिओ वगैरे, ज्यात तारीख ठरलेली आहे आणि समोरचा म्हणणार आहे की आमच्या अध्यक्षांचा शॉट अजून पाहिजे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःचं आवडतं काम बदलायला लागणं हे या धंद्यातलं रोजचं आहे आणि ते सहन होतं का हे नववीतच कळलेलं बरं.

बाबांची काळजी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. दहावी-बारावी सोडून इथे काही होत नाही, पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत एडिटिंगला जायचं तर आधी ग्रॅज्युएशन लागतं, बीएफए (कलेची डिग्री) किंवा बी.डेस. (डिझाइनची डिग्री) यांना बारावी लागते. त्यामुळे आत्ता त्याच्याशी सरळ सौदा करा, रात्री अकराला फोन बाहेरच्या खोलीत, शनिवार-रविवार ठरलेले तास त्याचे, आणि त्या तासात कोणी टोकायचं नाही. क्लास लावू नका एवढ्यात. पुढे घरात कॉम्प्युटर आला तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती येते, सिनेमाचे लोक वापरतात तेच सॉफ्टवेअर आहे, त्याला सोळा जीबी रॅमचं मशीन लागेल पण ती खरेदी दहावीनंतरची. तोपर्यंत मोबाईल पुरतो. आणि एक, त्याला फाइलींना नावं द्यायची सवय आत्ताच लावा, कुठल्या दिवशीचं शूट, कुठली क्लिप, दोन ठिकाणी कॉपी. एडिटिंगच्या नोकरीत पहिलं वर्षभर हेच करायला लागतं, आणि ज्याच्याकडून एकदा फुटेज हरवलं त्याला परत कोणी बोलवत नाही.

मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला यूआय-यूएक्स डिझाइन, म्हणजे अॅप-वेबसाइटच्या स्क्रीन कशा दिसाव्यात आणि चालाव्यात ते ठरवण्याचं काम, करायचं आहे. स्टेशनजवळच्या एका इन्स्टिट्यूटने साडेतीन लाख फी सांगितली, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले आणि रविवारपर्यंत वीस हजार भरून सीट बुक करा म्हणाले. ईएमआय पण करून देतो म्हणतात. भरू का? कॉमर्सवाल्यांना दुसरा काही मार्ग असतो का? (एक बाबा, ऐरोली)

रविवारपर्यंत काही भरू नका. जी सीट रविवारी जाते ती सोमवारी परत येते, हे मी खात्रीने सांगते.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाने असंच केलं होतं, इन्स्टिट्यूटचं नाव घेत नाही. फी ईएमआयवर होती, तीन महिन्यांत मुलाच्या लक्षात आलं की शिकवणारे सर स्वतःच मागच्या बॅचचे विद्यार्थी आहेत, त्याने क्लास सोडला, पण हप्ते सुरूच राहिले. कारण ईएमआय म्हणजे क्लासची उधारी नसते, ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि ते तुमच्या नावावर असतं, क्लासला पैसे पहिल्याच दिवशी मिळालेले असतात. मुलगा घरी बसला आणि आई दोन वर्षं हप्ते फेडत होती. त्या माऊलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे एवढं ठासून लिहितेय.

त्यामुळे जायचंच असेल तर आधी तिथल्या काउन्सेलरशी बोलू नका, क्लास सुटायच्या वेळेला गेटबाहेर उभे राहा आणि दोन-तीन मुलांना चहा पाजून विचारा. शिकवणाऱ्यांनी स्वतः काय काम केलंय ते बघायला मागा. फी परत मिळण्याची अट लेखी मागा, तोंडी काही घेऊ नका. प्लेसमेंट आणि प्लेसमेंट असिस्टन्स या दोन शब्दांत साडेतीन लाखांचा फरक आहे, कागदावर कुठला आहे ते वाचा. सर्टिफिकेट आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिग्री आहे तेही. आणि भरून बसलेल्या, आता पैसे परत देत नाहीत अशा अजून कोणा पालकांनी हे वाचलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पावत्या आणि मेसेज जपून ठेवा आणि तक्रार नोंदवा.

कॉमर्सचं म्हणाल तर अजिबात अडत नाही, हे फार पालकांना माहीतच नसतं. आयआयटी म्हटलं की आपल्याला वाटतं सायन्स पाहिजे, जेईई पाहिजे. पवईला आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल आहे, आयडीसी, १९६९ पासून आहे, २०१५ पासून तिथे बारावीनंतरचं बी.डेस. सुरू झालंय आणि त्याच्या यूसीड या प्रवेशपरीक्षेला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स कुठल्याही शाखेची मुलं बसतात. फॉर्म साधारण ऑक्टोबरात निघतो, परीक्षा जानेवारीत असते, कॉम्प्युटरवरचा एक भाग आणि हाताने चित्र काढायचा एक भाग. ओळीने दोनच वर्षं देता येते, त्यामुळे तयारी न करता नुसतं बघून येऊ म्हणून बसवू नका तिला. अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, त्यांची परीक्षा वेगळी. आणि तुम्ही ऐरोलीला राहता, निफ्टचं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं मुंबई कॅम्पस तुमच्या जवळ खारघरला आहे, नावात फॅशन आहे म्हणून लोक कपडे शिवायचं कॉलेज समजतात, पण तिथे फॅशन कम्युनिकेशन म्हणून कोर्स आहे ज्यात ग्राफिक्स, फोटोग्राफी, ब्रँडचं दिसणं हे सगळं येतं. सीएसएमटीजवळचं जे.जे. हे कलेचं कॉलेज तर १८५७ चं, तिथलं अप्लाइड आर्ट अजूनही जाहिरात आणि ग्राफिक्सच्या लोकांची पंढरी आहे. २०२३ मध्ये त्यांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांच्या माहितीवर न जाता प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा.

पण या सगळ्याच्या आधी तिला हे काम नक्की काय असतं ते कळलंय का ते बघा, कारण यूआय-यूएक्स म्हणजे छान रंगीत स्क्रीन असं बऱ्याच मुलांना वाटतं. तिला ऐरोली स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपासून थोडं लांब अर्धा तास उभं राहायला सांगा, संध्याकाळच्या गर्दीत, वहीपेन घेऊन. फोटो काढायचे नाहीत, फक्त बघायचं. माणूस कुठल्या स्क्रीनवर थांबतो, बोट कुठे हवेत अडकतं, कोण मागे वळून रांगेतल्या माणसाला विचारतं, रिटर्न पाहिजे असताना सिंगल कोणाचं निघतं, म्हातारी माणसं मशीन सोडून खिडकीच्या रांगेत का जातात. मग घरी येऊन तिने त्या स्क्रीन कागदावर पेन्सिलने परत काढायच्या, स्वतःच्या डोक्याने, आणि दुसऱ्या दिवशी आजीसमोर तो कागद धरायचा आणि म्हणायचं की हे मशीन आहे, आता ठाण्याचं तिकीट काढ. आजी जिथे अडकेल तिथे चूक आजीची नसते, कागदाची असते. तीन-चार वेळा खोडून परत काढायला लागलं आणि तरी तिला मजा आली तर तिला हे काम आवडेल. तिला कंटाळा आला आणि रंगच निवडत बसावंसं वाटलं तर ग्राफिक डिझाइन बघा, ते वेगळं आहे आणि तेही चांगलं आहे. ही तपासणी साडेतीन लाखांत नाही, एका वहीत होते.

नात आठवीत आहे, अक्षर सुंदर आहे, चित्रं काढते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंगच्या परीक्षा आहेत. सूनबाई म्हणते आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, याचा काय उपयोग. (एक आजोबा, नेरुळ)

काका, द्यायला सांगा, आधी एलिमेंटरी मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३, हा एक भाग. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे या परीक्षांतलं स्मरणचित्र. समोर काहीही नसताना बाजार, पाऊस, लग्न असं डोक्यातून काढायचं, माणसं कुठे उभी करायची, पुढे कोण मागे कोण, स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटच्या आधी चित्रांत मांडलेले शॉट, म्हणजे हेच असतं आणि मी रोज तेच करते. टॅबलेट नंतर कधीही येईल.

आणि अक्षर सुंदर आहे म्हणालात ना, तर सूनबाईंना सांगा की विंडोजमध्ये वर्षानुवर्षं मराठी ज्या मंगल फॉन्टमध्ये उमटत आलं तो र. कृ. जोशींनी केला, आयडीसीला शिकवणारा माणूस, हाताने अक्षर घडवण्यात आयुष्य गेलेलं. आज मोबाईलवर दिसणारे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुंबईच्याच ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेत. ळ ची गाठ कुठे वळते आणि क्ष चं पोट किती ठेवायचं हे कोणालातरी बसून ठरवायला लागतं. तुमची नात का नाही?

मुलगा अकरावी सायन्सला आहे, गेम बनवायचे म्हणतो. आम्हाला दोन भीत्या आहेत. एक म्हणजे गेमिंगच्या नादाने पैसे उडवणारी मुलं आम्ही बघितलीत. दुसरं, एआय आल्यावर हे सगळं राहणार आहे का? (आईबाबा, घोडबंदर रोड)

पैसे लावून खेळायचे गेम आणि गेम बनवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. बनवणं म्हणजे कोडिंग आणि गणित आहे, गोळी कुठल्या कोनातून सुटली आणि भिंतीवर आपटून कुठे जाईल यात त्याची अकरावीची त्रिकोणमिती आणि व्हेक्टर जसेच्या तसे येतात. त्याला गोडो नावाचं गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड करू दे आणि एकच गेम पुरा करू दे, साधा, सापशिडीएवढा, ज्यात सुरुवात आहे, हरणं आहे, जिंकणं आहे. मग तो तुम्ही दोघांनी खेळायचा आणि तो तुमच्याशी एक शब्द न बोलता मागे उभा राहील, कुठे अडलात ते लिहून घेईल. समजावून सांगायला लागलं तर गेम अजून झाला नाही.

एआयचं मला गोड बोलता येणार नाही. आमच्याकडे रोटो म्हणून काम असतं, हिरोच्या मागचं बॅकग्राउंड बदलायचं तर हिरोची कड कापायला लागते, एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२० वेळा त्या माणसाभोवती रेघ, आणि केस उडत असतील तर बघायलाच नको. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे शॉटमध्ये कॉम्प्युटरवर बदल करायच्या कामात, नवीन पोरं वर्षानुवर्षं याच कामावर लागायची. हे काम आता मशीन बरंचसं करतं. त्यात २०२३ ला हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले तेव्हा तिथलं काम इथे येईना, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत एक मोठी परदेशी कंपनी बंद पडली तेव्हा मुंबई-बंगळुरूची किती पोरं एका आठवड्यात रस्त्यावर आली, त्यातल्या काहींचे फोन मला आले, मुलांची शाळेची फी कशी भरायची म्हणून. हे तुम्हाला कुठल्याच क्लासच्या ब्रोशरमध्ये दिसणार नाही.

मग मी नको म्हणतेय का? नाही. मी म्हणतेय की ज्या पोराला फक्त एक बटण येतं त्याला बटणाबरोबर जावं लागतं. कड कुठे कापायची हे मशीन करेल, पण शॉट खोटा का वाटतोय, सावली कुठल्या बाजूला हवी, खेळणारा तिसऱ्या लेव्हलला का कंटाळतोय हे बघणारा डोळा लागतोच, आणि तो सॉफ्टवेअर शिकून येत नाही, पुऱ्या केलेल्या कामातून येतो. महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नका. ब्लेंडर हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २०२५ ला अॅनिमेशनचा ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा फ्लो हा सिनेमा त्यातच बनलाय. सरकारनेही २०२५ मध्ये मुंबईत आयआयसीटी नावाची संस्था याच क्षेत्रासाठी सुरू केलीय, तिच्या कोर्सेसवर लक्ष ठेवा. पण सायन्स सुटू देऊ नका, तुमच्या मुलाच्या बाबतीत बारावीचं गणित आणि नंतर कॉम्प्युटरची पक्की डिग्री हीच गेमची तयारी आहे, आणि गेमचं नाही जमलं तरी ऐरोली-महापेला नोकरी कुठे गेलेली नाही.

मुलगी एफवायला आहे, आर्ट्स. तिला म्हणे साउंडमध्ये जायचंय. डीजे नाही, सिनेमाचं साउंड. आमच्या घरात कोणालाच यातलं काही माहीत नाही. कोणाला विचारायचं? (एक आई, वाशी)

सिनेमात जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं नंतर बसून केलेलं असतं, पावलं, दार, कपड्यांची सळसळ, पाऊस, संवादातला गाड्यांचा आवाज काढणं, मग हे सगळं एकमेकांत मिसळणं, प्रत्येकाची माणसं वेगळी. रसूल पुकुट्टी यांना २००९ ला साउंड मिक्सिंगचा ऑस्कर मिळाला ते एफटीआयआयचेच, तिथे साउंडचा कोर्स आहे आणि त्याला ग्रॅज्युएशन लागतं, म्हणजे तिने बीए पूर्ण करावं हे तुमच्याही मनासारखं झालं. तोपर्यंत ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इयरफोन बरे घ्या, आणि तिला रोज एक आवाज गोळा करू दे, लोकल खाडीवरच्या पुलावरून जाते तो आणि बोगद्यातून जाते तो, दोन्ही ऐकून फरक सांगता आला पाहिजे.

आणि विचारायचं कोणाला म्हणालात तर तुमच्याच वाशीत भावे नाट्यगृह आहे. एखाद्या चांगल्या नाटकाची तिकिटं काढा, पुढची नको, मागची, साउंड ऑपरेट करणारा माणूस दिसेल अशी. तिला अर्धं नाटक स्टेजकडे बघू दे आणि अर्धं त्याच्या हाताकडे, फोन वाजतो तेव्हा त्याचं बोट नटाच्या आधी हलतं की नंतर ते बघू दे. बोलायचं असेल तर तिसऱ्या घंटेच्या आधी जाऊ नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि नाटक संपल्यावरही नको, सेट उतरवून टेम्पोत भरायची घाई असते. मध्यंतरात जा, हातात दोन बटाटेवडे घेऊन, आणि मुलीलाच विचारू दे, तुम्ही बाजूला उभ्या राहा.